मिरचीला गेला आहे

डिसेंबरातल्या राउंडला नंदेश्वर सर
चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून उभे राहतात,
पीत नाहीत.
आम्ही आठ जण, खिशात टॉर्च, हातोडी,
डोळ्यांत परवाची झोप,
त्यांचे हात तापायची वाट बघतो.
मग ते कॉटच्या उजव्या अंगाला टेकतात
आणि पोटावर तळवा असा ठेवतात
जणू आत कुणी नुकतंच निजलं आहे.

पहिल्या वर्षी वाटलं, म्हाताऱ्याची लकब.
दुसऱ्या वर्षी माझ्या गार बोटांखाली
एक पोट लाकूड झालं,
आणि सर म्हणाले,
"तू प्लीहा नाही तपासलीस,
त्याचं दचकणं तपासलंस. पुन्हा."

तो केस नंबर एकसष्ट.
सुखदेव पोटावी, वय चोवीस,
धानोऱ्याच्या पलीकडून रात्रीच्या एसटीनं आलेला,
सिकल सेल, मांड्यांची हाडं धरून वाकलेला.
किती दुखतं? फॉर्मवर शून्य ते दहा.
"मोजता नाही येत जी. दात असते त्याले."
मी लिहिलं: नऊ.

गारठ्यानं हे रक्त विळ्यासारखं वाकतं
हे मी परीक्षेत लिहिलं होतं, आकृतीसह.
माझे हात गार होते
हे कुठल्याच प्रश्नात नव्हतं.

संमतीपत्राची पाच पानं त्यानं
अंगावर दोन ब्लँकेटं घेऊन ऐकली.
"माह्या रगताचं काय करान, मॅडम?"
अभ्यास करीन.
"मंग करा," म्हणाला, आणि सही केली,
नावातला व थोडा मोठा आला.

पुस्तक म्हणतं, या वयात प्लीहा सुकून जाते.
याची बरगडीखाली तीन बोटं लागत होती.
मी सरांना म्हटलं, पुस्तकात असं नाही.
"मग पुस्तकाला कळव."
एवढंच बोलून ते पुढच्या कॉटकडे गेले.
माझा थिसिस तिथं सुरू झाला,
सलाइनच्या स्टँडला टेकून.

मार्चात त्याचा फॉलोअप.
सोमवार गेला, गुरुवार गेला. फोन बंद.
एक्सेलच्या रकान्यात तीनच पर्याय:
आला. मृत. लॉस्ट.
मेडिकल चौकातल्या टपरीवर तर्री-पोहे खाताना
रूममेट म्हणाली, लॉस्ट टाक नं,
दहा टक्क्यांपर्यंत चालतात.

एप्रिलात ओपीडीच्या रांगेत एक मुलगी.
हातात त्याचं निळं कार्ड, पावतीसारखं घडी घातलेलं,
कॅप्सूलची रिकामी पाकिटं रबर लावून.
"दादा मिरची तोडाले तेलंगणात गेला.
गोळ्या खाल्ल्या त्यानं, हे पाहा.
मोजून घ्या म्हणे."
मी मोजल्या. एकही चुकली नव्हती.
"अन् माह्यं बी रगत पाहा म्हणे.
तिथं एक मॅडम आहे म्हणे,
हात गरम करून पोट पाहते."

सायत्रा पोटावी, वय पंधरा.
माझ्या अभ्यासात अठराच्या खालचे बसत नाहीत.
तिचं रक्त साध्या रजिस्टरात गेलं,
तिच्या पायांतल्या जुन्या कळांसह,
ज्यांना घरात आजवर
वाढीचं दुखणं म्हणत होते.

बाहेर ऊन बेचाळीसला टेकलेलं.
कूलर नुसताच घरघरत होता.
माझे तळवे आधीच पेटलेले,
तरी ती माझ्या हातांकडेच बघत होती,
ठरल्यासारखी.
मी मावशींना म्हटलं, एक चहा सांगता?
मावशींनी माझं कपाळ पाहिलं,
या मोसमात माणसं उन्हानं काहीही बरळतात,
आणि निमूट चहा आणला.
मी तो ग्लास दोन्ही हातांत धरला.
मुलगी हसली,
पोट सैल सोडलं.

जूनमध्ये स्टॅटिस्टिक्सवाल्यांचा फोन:
मॅडम, एकसष्टचा एक रकाना रिकामा आहे,
काय धरू?

मिरचीला गेला आहे, म्हटलं.

असा कोड नाही, मॅडम.

मग तळटीप द्या.